दिल्लीच्या साहेबापुढे चाळीस बादल्या

मी एकदा अख्ख्या नागपूर शहराचं नुकसान केलं, आणि तेही बादल्यांना गेरू फासून. हे मी सहसा कोणाला सांगत नाही. नातवंडांना वाटतं, आजीच्या हातून आयुष्यात फार तर वरणात मीठ दोनदा पडलं असेल. पण आता कबूल करायला हरकत नाही. दिल्लीहून आमच्या शहराला आगीच्या बंदोबस्ताचा पैसा मिळायचा होता. तो मिळू नये असं मला मुळीच वाटत नव्हतं. मला फक्त माझ्या जावेपेक्षा उजवं दिसायचं होतं.

मी नरखेड तालुक्यातली, संत्र्याच्या बागेतली. सातवी पास. आमच्या गावात सातवी पास मुलगी म्हणजे लोक वाट सोडून उभे राहत. लग्न होऊन नागपूरला आले ती नंदनवनच्या अलीकडे एका वस्तीत, जिथे तेव्हा घरं कमी आणि रिकामे प्लॉट जास्त होते. त्या घरात शिकलेली सून म्हणून आठ वर्षं मी एकटी मिरवले. सासऱ्यांना पेपर मी वाचून दाखवायची. मोहल्ल्यातल्या बायकांची माहेरची पत्रं मी लिहायची, आणि लिहिताना त्यांच्या सासूबद्दल चार शब्द माझ्या पदरचे घालायची.

मग धाकट्या दिरानं बी.ए. झालेली बायको आणली.

आठ दिवसांत पेपर तिच्याकडे गेला. मी ओळीखाली बोट ठेवून वाचायची; ती नुसती डोळ्यांनी वाचायची आणि मधेच थांबून सासऱ्यांना अर्थही सांगायची. बरं, रूपानं जास्त असती तर मी म्हटलं असतं, रूप काय चाटायचं आहे. तीही सोय नव्हती. साधी, सावळी, हळू बोलणारी. मला ‘जाऊबाई’ म्हणायची आणि माझ्या हातची भाकर खाऊन ‘अशी मला जन्मात जमणार नाही’ म्हणायची. मी समजले, टोमणा मारते. तेव्हा मला सगळेच टोमणे ऐकू येत.

एकाहत्तरची लढाई झाली आणि नागरी संरक्षणाच्या ऑफिसात तिला तात्पुरती नोकरी लागली. महिला संघटक. मोहल्ल्यामोहल्ल्यांत जाऊन बायकांना शिकवायचं, की भोंगा वाजला तर काय करायचं, आग लागली तर काय, हाड मोडलं तर पट्टी कशी बांधायची. तिला दंडावर बांधायची पट्टी मिळाली, पांढरं लोखंडी टोप मिळालं आणि पांढऱ्या दोरीत ओवलेली एक शिट्टी. सकाळी फाटकापाशी जीप येऊन उभी राही. आमच्या फाटकापाशी तोवर फक्त दूधवाल्याची सायकल उभी राहत असे.

ती जीप मला खुपली. टोपही खुपलं. पण शिट्टी! एक दिवस ती आंघोळीला गेली असताना मी स्वयंपाकघराचं दार लोटून ती शिट्टी तोंडात धरली. म्हटलं, हळूच वाजवून पाहू. शिट्टी हळूच वाजत नाही हे मला तेव्हा कळलं. शिकल्याप्रमाणे शेजारीण अंगणात पालथी पडली आणि सासूबाई देवघरातून ओरडल्या, “काहून वं, पुन्हा लढाई लागली का?” मी शिट्टी पिठाच्या डब्यात टाकली आणि म्हटलं, “कुकर असेल, आई.” आमच्याकडे कुकर नव्हता.

अशी मी तेव्हा होते. एकोणतीस वर्षांची, दोन मुलांची आई.

जळण्यात मी एकटी नव्हते म्हणा. अख्खं शहर जळत होतं. एके काळची राजधानी. ती मुंबईला गेली, आणि तेव्हापासून मुंबईला काय मिळालं हे मोजत बसायचा नागपूरला नादच लागला होता. लढाईच्या दिवसांत शहरांचे वर्ग पाडलेले होते. वरच्या वर्गातल्या शहरांना भोंगे, आगीचे बंब, पगारी माणसं, सगळ्यासाठी दिल्ली हात सैल सोडी. आम्ही खालच्या वर्गात. दिल्लीचं म्हणणं, सरहद्द तुमच्यापासून इतकी लांब की विमानाचं पेट्रोल वाटेतच संपेल. नागपूरचं म्हणणं, अहो, चारी दिशांच्या गाड्या इथे येऊन मिळतात, दारूगोळ्याचा कारखाना शेजारी आहे, हे देशाचं पोट आहे. पोटावर कोणी मारत नाही का? पानठेल्यावर तर लोक चक्क भांडत.

“मुंबईले नवा बंब, अन् आपल्याले काय?”

“संत्र्याचं साल.”

“तेही सोलून ठेवलं त्यायनं!”

शत्रूनं आपल्याकडे एकही विमान पाठवलं नाही याचं दुःख केलेलं मी त्या ठेल्यावर प्रत्यक्ष ऐकलं आहे.

लढाई संपली तरी शहराचे अर्ज चालूच होते. आम्हाला वरच्या वर्गात घ्या, पूर्वेकडच्या वस्त्यांना एकही बंब नाही, लाकडाच्या वखारी आणि कापसाची गोदामं आमच्या उशाशी आहेत, उद्या आग लागली तर विहिरीतून दोरानं पाणी काढायचं का? हे अर्ज लिहिणाऱ्यांत माझी जाऊ होती. आणि त्या अर्जावर तिचं स्वतःचंही सगळं टांगलेलं होतं. पैसा आला तर तिची जागा पक्की होणार; नाही आला तर महिला संघटक हे पदच बंद.

हे तिनं मला स्वतः सांगितलं. लसूण सोलत होतो दोघी. तिच्या लग्नाला चार वर्षं झाली होती, मूल नव्हतं, आणि येणारीजाणारी प्रत्येक बाई तिच्या पोटाकडे पाहून मग तोंडाकडे पाही. ती म्हणाली, “जाऊबाई, जीप आली की त्या बायका माझ्या पोटाचं विचारायच्या थांबतात. नोकरीचं विचारतात. पक्की झाली तर जन्मभर नोकरीचंच विचारतील.”

मी ‘होईल हो’ म्हटलं आणि मनात म्हटलं, जन्मभर जीप!

तिचा वर्ग दर गुरुवारी तीन वाजता आमच्याच अंगणात भरे. मी काय करावं? गुरुवारीच दुपारी मागच्या अंगणात कुरड्यांचा घाट घातला. पुढच्या अंगणात ती फळ्यावर आगीचे प्रकार लिहून उभी, आणि मागच्या अंगणात माझ्याभोवती बायकांचा हा गराडा, चीक हाटणं, हसणं चाललंय. कुरड्या संपल्या तेव्हा मी सरगुंडे काढले. सरगुंडे संपले तेव्हा मुंगवड्या. त्या वर्षी आमच्या घरात जेवढं वाळवण झालं तेवढं लग्नघरातही होत नाही.  ती फळा पुसून आत यायची आणि हात धुऊन माझ्याबरोबर पाट मांडायची.

मार्च महिन्यात ती जेवताना म्हणाली की दिल्लीहून एक साहेब पाहणीला येतोय. पूर्वेकडची एक वस्ती त्याला दाखवायची आहे, आणि तिनं आपला मोहल्ला निवडलाय.

“काहीही तयारी करायची नाही,” तिनं सगळ्यांना बजावलं. “जे आहे ते दिसू द्यायचं. चाळीस घरांत दोन बादल्या, एक गळका पंप. त्यानं विचारलं तर सांगायचं, साहेब, काहीच नाही आमच्याकडे.”

सासूबाई म्हणाल्या, “पाहुण्याले असं सांगाचं? लाज नाही वाटनार?”

“आई, तेच तर सांगायचंय.”

आता हे दोन वाक्यांत समजण्यासारखं होतं. शेजारणीची म्हैस जेवणघराच्या दारात उभी असती तर तिलाही समजलं असतं. पण मी विचार केला, की अच्छा! मोहल्ला फाटका दिसला पाहिजे, म्हणजे त्या फाटक्यात ही एकटी टोप घालून चमकेल. आणि आमची वस्ती काय दरिद्री आहे? दिल्लीचा माणूस दारात येतो आणि त्याला गळका पंप दाखवायचा? माझ्या माहेरी दुष्काळाच्या वर्षीही पाहुण्यापुढे भरलेली परडी ठेवत आणि आत पोरांना पाणी पाजून निजवत. ‘काही कमी आहे का?’ असं पाहुण्यानं विचारलं तर ‘सगळं आहे’ एवढंच उत्तर आम्हाला शिकवलेलं. दुसरं उत्तर असतं हेच माहीत नव्हतं.

तीन दिवस होते. ती सकाळी ऑफिसात जाई ती दिवेलागणीला येई, कागद तयार करायचे होते म्हणून. मला रान मोकळं मिळालं.

मी घरोघर गेले. बायकांना म्हटलं, “वं बायांनो, दिल्लीचा साहेब आपलं पाहायले येऊन राह्यला. मोहल्ल्याची अब्रू आपल्या हाती.” नुसतं एवढं. पत्र लिहून दिलेल्या, डोहाळजेवणात राबलेल्या, कुरड्यांना बसलेल्या, सगळ्या उठल्या. बिछायत केंद्रातून, म्हणजे जिथून लग्नाच्या सतरंज्या-भांडी भाड्यानं आणतो तिथून, चाळीस बादल्या आणवल्या आणि शेजारणीच्या गोठ्यात दडवल्या. आगीच्या बादल्या तांबड्या असतात हे तिच्या फळ्यावरच्या चित्रात मी मागून पाहिलं होतं. डिंकात गेरू कालवून चाळीसही बादल्या फासल्या. कन्हान नदीची वाळू एका बांधकामावरून मागून आणली. माहेरी निरोप धाडला. भावानं एसटीच्या टपावरून संत्र्याची खोकी पाठवली, आणि बागेत औषध फवारायचे दोन पंप. ते मी तीनदा धुतले, तरी वास जाईना. म्हटलं, असू दे, साहेबाला वाटेल सरकारी आहे.

कवायत तर मी अशी करून घेतली, की काय सांगू. ती पुढच्या अंगणात शिकवायची ते सगळं मला मागच्या अंगणात पाठ झालं होतं. कुरड्या घालता घालता कान तिकडेच असायचे ना. बाजेवर जखमी कसा उचलायचा, पट्टी त्रिकोणी कशी घडी करायची, रांग किती हातांवर उभी करायची. फक्त भोंगा वाजला की दातात रुमाल धरून पालथं पडायचं सासूबाईंना पटेना. “बॉम्ब पडून राह्यला अन् मी रुमाल चावू? मंग ओरडाचं कशानं?” त्यांना मी जखमी केलं. बाजेवर निजायचं आणि कण्हायचं. ते त्यांना आवडलं.

साहेब आला. मला वाटलं होतं मिशा असतील. हा बारीक, घामाघूम, डोक्यावर ओला रुमाल. मागोमाग जीपमधून जाऊ उतरली, हातात कागदांची चळत, आणि उतरता उतरताच थांबली.

गल्लीच्या दोन्ही बाजूंनी दारोदारी तांबडी बादली, तीत वाळू, समोर रांगोळी. खोक्यांत वाळू भरून रचलेली भिंत. चाळीस बायका, पदर खोचून, ओळीत. मी पुढे.

तिचा चेहरा पडला. तिनं माझ्याकडे पाहून मान हलवली, नको, नको अशी. आणि मला काय झालं सांगू? गुदगुल्या झाल्या. जळली, म्हटलं, जळली एकदाची! इतकी वर्षं मी जे गिळत आले ते आज तिच्या घशाशी आलं. इतकं सुख मला माझ्या लग्नातही झालं नव्हतं.

मी हात वर केला. दोन बायकांनी फवारणीचे पंप मारले. पाण्याची धार थेट कडुनिंबाच्या शेंड्यावर गेली आणि वरचे कावळे उडाले. सरकारी पंपाची धार जेमतेम पायऱ्यांपर्यंत जायची. सासूबाई बाजेवरून निघाल्या, अशा कण्हत की साहेब घाबरून म्हणाला, “इन्हें सच में कुछ हुआ है क्या?” सासूबाईंनी एक डोळा उघडून त्याला सांगितलं, “नहीं नहीं, आप चाय पिओ.”

साहेब हसला. टाळ्या वाजवल्या त्यानं. मग मला विचारलं, “ये बाल्टियाँ, ये पंप, किसने दिए आपको?”

जाऊ पुढे आली. “सर, दरअसल...”

मी तिला बोलू दिलं नाही. दिल्लीच्या साहेबाशी मी बोलत होते, मी! माझ्या मोडक्या नागपुरी हिंदीत मी म्हटलं, “किसीने नहीं दिया साब. सब हमारा खुद का है. हमको कुछ नहीं होना. सब है हमारे पास.”

आणि संत्र्याची टोपली त्याच्या हातात दिली.

त्यानं खिशातून वही काढली आणि उभ्या उभ्या लिहिलं. मी जावेकडे पाहिलं. ती साहेबाकडे पाहत नव्हती, त्याच्या पेन्सिलीकडे पाहत होती.

संध्याकाळी मी वाट पाहत होते की ती भांडेल. भांडली असती तर मी तयार होते, दुपारपासून उत्तरं जमवून ठेवली होती. ती आली, जेवली, आणि एवढंच म्हणाली, “बादल्या परत करताना धुऊन द्या, जाऊबाई. गेरू सुकला की निघत नाही.” निघाला नाहीच. पुढे दोन वर्षं आमच्या भागातल्या लग्नांत पाहुण्यांनी तांबूस पाण्यानं हात धुतले.

दोन-अडीच महिन्यांनी दिल्लीचं पत्र आलं. नागपूर होतं त्याच वर्गात राहिलं. साहेबाच्या अहवालाची नक्कल ऑफिसात आली होती; तिनं घरी येऊन सासऱ्यांना त्यातला पूर्वेकडच्या वस्तीबद्दलचा भाग मराठी करून वाचून दाखवला. मी दाराआड उभी होते. ‘येथील नागरिकांनी स्वबळावर उत्कृष्ट तयारी केली असून त्यांना अधिक साहाय्याची गरज भासत नाही.’ सासरे म्हणाले, “वा! आपल्या मोहल्ल्याचं नाव झालं.” त्यांना खरंच आनंद झाला होता. ती म्हणाली, “हो, मामंजी.”

आमचे हे मला नंतर म्हणाले, की एका मोहल्ल्यावरून कोणी शहराचं ठरवत नाही, त्यांना द्यायचंच नव्हतं, बहाणा पाहिजे होता. असेल. पण बहाणा मी हातात दिला होता, टोपलीसकट.

महिनाअखेरीला तिची जागा बंद झाली. जीप यायची थांबली. पुढच्याच आठवड्यात लांबची एक मावशी आली आणि तिच्या पोटाकडे पाहून मग तोंडाकडे पाहिलं. सासूबाई म्हणाल्या, आता रिकामीच आहे तर रामटेकला नेऊन नवस बोलून येऊ. ती ‘बरं’ म्हणाली. ते ‘बरं’ मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकू आलं. त्यात टोमणा नव्हता. आधीही कधी नसावा.

जिंकल्यावर असं काही होईल याची मला कोणी कल्पना दिली नव्हती. घरात पुन्हा मीच मोठी, मीच शहाणी, आणि भाकर घशाखाली उतरेना. तिच्या जीपवर जळत होते तेव्हा निदान भूक तरी लागायची.

चार दिवस मी तिच्याभोवती उगाच घोटाळले. पाचव्या दिवशी दुपारी ती ओसरीत सुपात तांदूळ निवडत बसली होती. मी समोर जाऊन बसले आणि सगळं बोलून टाकलं, एका दमात, कारण दम घेतला असता तर उठून गेले असते. गुरुवारच्या कुरड्या मुद्दाम होत्या. ‘तयारी करू नका’ मला पहिल्याच वेळी समजलं होतं, म्हणजे समजायला पाहिजे होतं, मी समजून घेतलं नाही. तुझं टोप, तुझी जीप, तुझं पेपर वाचणं, मला काही म्हणजे काही बघवत नव्हतं. तू जीपमधून उतरलीस आणि तुझा चेहरा पडला तेव्हा मला इतका आनंद झाला की मी त्या साहेबाला काय बोलते आहे हेच मला कळत नव्हतं. नोकरी गेली ती माझ्यामुळे. माफ कर म्हणायचंही तोंड नाही मला.

ती निवडत राहिली. एक खडा काढला, बाजूला ठेवला. दुसरा काढला.  मग तिनं सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडे सरळ पाहून म्हणाली:

“माफ करीन मी तुम्हाला, जाऊबाई, पण एवढ्यात नाही. सहा महिने घसा फोडून मला ज्या बायका दहाच्या वर जमवता आल्या नाहीत, त्या तुम्ही तीन दिवसांत चाळीस उभ्या केल्या. माझा चेहरा त्या दिवशी नोकरीसाठी नव्हता पडला, नोकरीचं नंतर सुचलं मला. आधी मला त्या चाळीसजणींवरून तुमच्यावर पोटभर जळू द्या.”